दुपारी न टिकणारा सिग्नल : म्हैसमाळचे डिजिटल प्रक्षेपण बुलढाणा जिल्ह्यात कसे घ्यावे

देऊळगाव राजा आणि सिंदखेड राजा यांच्या दरम्यानच्या एका गावातून आलेला प्रश्न असा आहे. घरच्या नव्या एलईडी टीव्हीला छतावरचा जुना अँटेना जोडला, बाजारातून बूस्टर आणून लावला आणि टीव्हीत ‘एअर’ हा पर्याय निवडून शोध घेतला, तेव्हा पहाटे दूरदर्शनच्या वाहिन्या अगदी स्वच्छ लागल्या. मात्र नऊ-दहा वाजले की चित्राचे चौकोन होतात, आवाज तुटतो आणि दुपारी पडद्यावर ‘सिग्नल नाही’ एवढेच उरते. दुकानदार आणखी मोठा बूस्टर घ्या म्हणतो. नांदुऱ्याला राहणाऱ्या मेहुण्यांनीही हाच खटाटोप करून पाहिला, पण त्यांना एकदाही काही लागले नाही. दोष अँटेनाचा, टीव्हीचा की प्रक्षेपणाचा, हे प्रश्नकर्त्यांना समजून घ्यायचे आहे.

निष्कर्ष आधीच सांगतो, म्हणजे पुढचे विवेचन कशासाठी आहे हे लक्षात राहील. टीव्ही चांगला आहे. त्यात डीव्हीबी-टी२ या डिजिटल पद्धतीचे प्रक्षेपण उलगडणारा ट्यूनर नसता तर पहाटेही काही लागले नसते. पहाटे चित्र येते त्याअर्थी प्रक्षेपणही चालू आहे. कमी पडते आहे ती शिल्लक. चित्र उभे करण्यासाठी ट्यूनरला जेवढा स्वच्छ सिग्नल लागतो, त्यापेक्षा थोडाच जास्त सिग्नल आपल्या घरी पोचतो आणि तोही हवा अनुकूल असेल तेव्हाच. हवा पालटली की तो त्या रेषेच्या खाली जातो. ही शिल्लक मोठ्या बूस्टरने वाढत नाही. ती वाढते उंचीने, योग्य अँटेनाने आणि अँटेनापासून टीव्हीपर्यंतच्या वाटेवरची गळती थांबवल्याने. एवढे नीट केले तर आपल्या गावी दुपारीही चित्र टिकण्याची चांगली शक्यता आहे. नांदुऱ्याच्या घरी ती नाही, कारण तिथे मध्ये डोंगर आहे.

थोडी पार्श्वभूमी आवश्यक आहे. दूरदर्शनने फेब्रुवारी २०१६ मध्ये देशातील १६ शहरांत डीव्हीबी-टी२ पद्धतीचे डिजिटल स्थलीय, म्हणजे जमिनीवरच्या मनोऱ्यावरून होणारे, प्रक्षेपण सुरू केले. त्यांत महाराष्ट्रातील दोन शहरे होती : मुंबई आणि तेव्हाचे औरंगाबाद, म्हणजे आजचे छत्रपती संभाजीनगर. डीडी नॅशनल, डीडी न्यूज, डीडी भारती, डीडी स्पोर्ट्स आणि डीडी रीजनल किंवा किसान अशा वाहिन्या एकाच कंपनसंख्येवर एकत्र बांधून पाठवण्याची ही व्यवस्था होती. विदर्भातील एकही शहर त्या यादीत नव्हते. पुढे जुनी अॅनालॉग प्रक्षेपणेही मोजके मोक्याचे प्रक्षेपक वगळता मार्च २०२२ पर्यंत बंद करण्याचे ठरले. त्यामुळे विदर्भातल्या गावात छतावरच्या अँटेनाने टीव्ही पाहायचा तर शेजारच्या प्रदेशातल्या प्रक्षेपणाचाच आधार घ्यावा लागतो. पश्चिमेला तो आधार म्हैसमाळचा, म्हणजे छत्रपती संभाजीनगरजवळच्या ज्या डोंगरावरून त्या शहराचे प्रक्षेपण होते त्याचा आहे. पूर्वेला रायपूर त्याच १६ शहरांत होते. पण सालेकसा, देवरी हे गोंदिया जिल्ह्याचे पूर्वेकडचे तालुकेही रायपूरपासून सरळ रेषेत सव्वाशे किलोमीटरच्या आसपास आहेत आणि रायपूरला म्हैसमाळसारखी डोंगराची उंची लाभलेली नाही, म्हणून तिकडच्या कोणाला मी हा खर्च करण्याचा सल्ला देत नाही. प्रक्षेपणाची शक्ती, वाहिन्या आणि वेळा यांत बदल होत असतात. यासाठी पाइप आणि अँटेना विकत घेण्यापूर्वी संबंधित दूरदर्शन केंद्राकडे चौकशी करून घ्यावी, जुन्या यादीवर विसंबू नये.

आता आपली जागा पाहू. म्हैसमाळचे पठार समुद्रसपाटीपासून १,००० मीटरहून उंच आहे आणि त्यावर प्रक्षेपणाचा मनोरा उभा आहे. तिथून पूर्वेकडे फुलंब्री, जालना, देऊळगाव राजा असा मुलूख त्याच्या निम्म्याच्या आसपास उंचीवर पसरलेला आहे. डिजिटल प्रक्षेपणाच्या यूएचएफ (अति उच्च कंपनसंख्येच्या) लहरी साधारणपणे दृष्टीच्या रेषेत जातात, वातावरणामुळे किंचित वाकून क्षितिजाच्या थोड्या पलीकडे पोचतात. यासाठी एक सोपे सूत्र आहे : दोन्ही टोकांच्या उंचीचे मीटरमध्ये वर्गमूळ काढून त्यांची बेरीज करावी आणि तिला ४.१२ ने गुणावे. येणारे उत्तर किलोमीटरमध्ये असते. उंची मोजायची ती मधल्या जमिनीपासून. प्रक्षेपकाची बाजू ५०० मीटर उंच धरली तर तिचा वाटा सुमारे ९२ किलोमीटर येतो. आपला अँटेना १२ मीटरवर असेल तर त्याचा वाटा सुमारे १४ किलोमीटर. एकूण १०६. देऊळगाव राजा म्हैसमाळपासून सरळ रेषेत सुमारे ९० किलोमीटर आहे, सिंदखेड राजा १०० च्या थोडे आत आणि चिखली सुमारे ११५. म्हणजे आपले गाव रेषेच्या आत आहे, पण काठावर. त्यातही खडकपूर्णेच्या खोऱ्यात उतारावर वसलेली गावे आणि माळावर वसलेली गावे यांत मोठा फरक पडतो. एकाच शिवारात वरच्या वस्तीला चित्र आणि खालच्या गावठाणाला काहीच नाही, असे पुष्कळदा आढळते.

नांदुरा हे घाटाखालचे गाव. बुलढाणा जिल्ह्यात घाटावरचा आणि घाटाखालचा हा भेद शेती, पाणी, हवामान सगळ्यातच आहे, आणि लहरींच्या बाबतीत तो सर्वांत कठोर आहे. मलकापूर, नांदुरा, शेगाव, जळगाव जामोद ही गावे पूर्णेच्या खोऱ्यात समुद्रसपाटीपासून जेमतेम अडीचशे ते तीनशे मीटरवर आहेत, आणि म्हैसमाळ व ती यांच्या मध्ये अजिंठ्याची डोंगररांग आडवी पडते. डोंगराच्या माथ्यावरून थोडा सिग्नल खाली वळतो हे खरे, पण एवढ्या अंतरावर मुळातच क्षीण झालेला सिग्नल तसा वळल्यानंतर घेण्याजोगा राहत नाही. तेथे कितीही उंच पाइप उभारला तरी उपयोग नाही.

पहाटे लागते आणि दुपारी जाते, याचे कारण हवेत आहे. रात्रभर जमीन थंड होते, तिच्यालगतची हवाही थंड होते आणि वर तुलनेने उबदार हवेचा थर राहतो. अशा थरांमुळे लहरी अधिक वाकतात आणि एरवी डोक्यावरून निघून गेल्या असत्या त्या जमिनीलगत लांबवर येतात. दिवाळीनंतरच्या निरभ्र, वारा नसलेल्या पहाटे हा परिणाम सर्वांत जास्त असतो. ऊन चढले, जमीन तापली, हवा खालीवर घुसळली गेली की तो थर मोडतो आणि सिग्नल आपल्या खऱ्या पातळीवर येतो. तेव्हा दुपारची पातळी हीच आपली खरी पातळी आहे. पहाटेची पातळी ही वरकड समजावी. विहिरीला पाणी किती आहे हे आपण भादव्यात ठरवत नाही, वैशाखात ठरवतो. अँटेनाची जागा, उंची आणि दिशा यांचाही निर्णय उन्हाळ्यातल्या दुपारी एक ते तीनच्या दरम्यान करावा. पुष्कळ लोक सकाळी गार वेळेला अँटेना बसवून घेतात, चित्र दिसल्यावर कारागिराला पैसे देतात आणि दुपारी फसल्यासारखे होते.

अॅनालॉगच्या दिवसांत ही अडचण एवढी टोकाची वाटत नसे, कारण सिग्नल उतरला की पडद्यावर मुंग्या येत आणि माणसे मुंग्यांतूनही बातम्या पाहत. डिजिटलमध्ये ट्यूनर चुकलेले अंक गणिताने दुरुस्त करत राहतो आणि दुरुस्ती जमते तोवर चित्र निर्दोष दिसते; चुका दुरुस्तीच्या आवाक्याबाहेर गेल्या की चित्र पूर्ण जाते. निर्दोष चित्र आणि काळा पडदा यांत अवघ्या एक-दोन डेसिबलचे (डेसिबल हे सिग्नलच्या पातळीतला फरक मोजायचे माप) अंतर असते. त्यामुळे चित्र किती छान दिसते यावरून काहीही ठरवता येत नाही. टीव्हीच्या मेनूत ‘सिग्नल माहिती’ असे पान असते, त्यात स्ट्रेंग्थ आणि क्वालिटी असे दोन आकडे दिसतात. आपण क्वालिटीचा आकडा पाहायचा. तो चित्र तुटण्याच्या आकड्यापेक्षा दुपारी किती वर राहतो, तेवढी आपली शिल्लक.

आता अँटेना. आपण छतावर जुना अँटेना आहे एवढेच कळवले आहे, पण तो कोणत्या पट्ट्यासाठी बनवला आहे हे पाहणे फार महत्त्वाचे आहे, आणि ते साध्या फूटपट्टीने कळते. ज्या दांडीला केबल जोडलेली असते ती या टोकापासून त्या टोकापर्यंत मोजावी. ती पाऊण मीटरच्या आसपास असेल तर तो अँटेना व्हीएचएफच्या (यूएचएफपेक्षा कमी कंपनसंख्येच्या लहरींच्या) वरच्या पट्ट्याचा, म्हणजे सुमारे २०० मेगाहर्ट्झचा आहे. दोन-अडीच मीटर लांब असेल तर त्याहूनही जुन्या, ६० मेगाहर्ट्झच्या आसपासच्या पट्ट्याचा. डिजिटल प्रक्षेपण यूएचएफमध्ये आहे. ५०० मेगाहर्ट्झला लहर ६० सेंटिमीटरची असते आणि तिची अर्धलहरी दांडी जेमतेम वीतभर-दीड वीत, साधारण २८ ते ३० सेंटिमीटर भरते. गावोगावच्या कवेलूच्या आणि धाब्याच्या घरांवर अजून जे अँटेना उभे आहेत त्यांतील बरेच व्हीएचएफचे आहेत. त्यांवर यूएचएफ लागलाच तर तो अपघाताने, आणि त्याच्या कमाल ग्रहणाची दिशाही मग भलतीकडेच असते. आपल्या वर्णनावरून माझा सर्वांत मोठा संशय इथेच आहे. १५ ते २० दांड्यांचा चांगला यूएचएफ यागी, म्हणजे एका आडव्या नळीवर ओळीने दांड्या बसवलेला, अँटेना घ्यावा. साध्या द्विध्रुवापेक्षा, म्हणजे नुसत्या एका दांडीच्या अँटेनापेक्षा, तो सुमारे १० डेसिबल जास्त देतो आणि आपल्याला हवी असलेली शिल्लक बरीचशी यातूनच मिळेल. दांड्या जमिनीला समांतर आडव्या राहतील असा तो बसवावा, कारण दूरदर्शनची बहुतेक मोठी प्रक्षेपणे आडव्या ध्रुवणाची, म्हणजे लहरी आडव्या डोलणारी, आहेत. अँटेना उभा लावला तर २० डेसिबलपर्यंत तोटा होऊ शकतो.

दिशा ठरवण्यासाठी मोबाइलमधले होकायंत्र वापरता येते, पण ते लोखंडी पाइपापासून आणि टिनाच्या छपरापासून दूर उभे राहून पाहावे, नाहीतर चुकीची दिशा मिळते. खात्री करायची असेल तर २१ मार्च किंवा २३ सप्टेंबरच्या सुमारास सूर्य जिथे मावळतो ती खरी पश्चिम, आणि देऊळगाव राजाकडून म्हैसमाळ त्या बिंदूच्या किंचित उजवीकडे, सुमारे ५ अंश उत्तरेला आहे. चिखलीकडच्यांनी मात्र अँटेना खऱ्या पश्चिमेच्या डावीकडे, सुमारे १५ अंश दक्षिणेला वळवावा. शेवटची जुळणी एकाने वर अँटेना हळूहळू फिरवून आणि दुसऱ्याने खाली क्वालिटीचा आकडा वाचून करावी. डिजिटल ट्यूनरला आकडा दाखवायला काही क्षण लागतात, म्हणून प्रत्येक वेळी थोडे फिरवून थांबावे.

उंचीबाबत माझे मत ठाम आहे. पैसे मर्यादित असतील तर ते बूस्टरपेक्षा पाइपात घालावेत. काठावरच्या प्रदेशात अँटेनाची उंची दुप्पट केली तर अनुकूल जमिनीवर सुमारे ६ डेसिबलपर्यंत लाभ होतो, आणि त्यासोबत गोंगाट, म्हणजे सिग्नलमध्ये मिसळणारे नको ते विद्युत अडथळे, वाढत नाही. तरीही उंचीबरोबर सिग्नल सरळ चढत जातो असे समजू नये. जमिनीवरून परावर्तित झालेली लहर सरळ येणाऱ्या लहरीला काही उंचीवर मारक आणि काही उंचीवर पूरक ठरते. म्हणून अँटेना पक्का करण्यापूर्वी अर्धा-अर्धा मीटर वर-खाली आणि छतावर डावी-उजवीकडे सरकवून पाहावा. घराच्या पश्चिमेला पाण्याची टाकी, धान्याचे टिनाचे शेड किंवा दोन मजली घर असेल तर जागाच बदलावी. वावरातल्या गोठ्यावरून केबल आणण्यापेक्षा घरावरच तीन-चार मीटर जास्त पाइप परवडतो.

आता बूस्टर. अँटेनाने पकडलेल्या सिग्नलबरोबर थोडा गोंगाट येतोच. ट्यूनरला चित्र उभे करण्यासाठी सिग्नल गोंगाटापेक्षा ठरावीक पटीने वर असावा लागतो. प्रक्षेपणाच्या रचनेनुसार हा फरक साधारण १० ते २० डेसिबल असतो. टीव्हीच्या मागे लावलेला बूस्टर सिग्नल आणि गोंगाट दोन्ही सारखेच वाढवतो, वर स्वतःचा थोडा गोंगाट घालतो. त्यामुळे स्ट्रेंग्थचा आकडा ९० होतो आणि क्वालिटी होती तिथेच राहते किंवा उतरते. अँटेना आणि टीव्ही यांच्यामधल्या केबलमध्ये होणारी हानी बूस्टरच्या आधीच झालेली असते, ती कोणताही बूस्टर भरून काढू शकत नाही. म्हणूनच बूस्टर हवाच असेल तर तो खांबावर, अँटेनाच्या खाली हातभर अंतरावर बसणारा घ्यावा. त्याला वीज त्याच केबलमधून खालून दिली जाते. त्याचा गुण त्याच्या वाढीच्या आकड्यावर ठरत नाही. त्याचा स्वतःचा गोंगाट किती कमी आहे यावर ठरतो. हा आकडा २ डेसिबलच्या आत असावा आणि वाढ १५ ते २० डेसिबल पुरे. ३५-४० डेसिबल असे ठळक छापलेले स्वस्त बूस्टर गावाजवळ मोबाइलचा मनोरा असेल तर हमखास त्रास देतात. मोबाइलच्या ७०० आणि ८५० मेगाहर्ट्झच्या लहरी त्या बूस्टरमध्ये शिरून त्याला तुंबवतात, आणि मग आतल्या आत तयार होणारा कचरा आपल्या दुबळ्या सिग्नलवर पसरतो. मनोरा दिसण्याच्या अंतरावर असेल तर ६९४ मेगाहर्ट्झच्या वरचे अडवणारा फिल्टर बूस्टरच्या आधी लावावा. त्याआधी एक फुकटची चाचणी करावी. आता लावलेला बूस्टर पूर्ण काढून पहाटे आणि दुपारी क्वालिटीचा आकडा पाहावा. तो वाढला तर दोषी सापडला.

केबल आरजी-६ प्रकारची, म्हणजे डिशला वापरतात तशी गोल, असावी. ५०० मेगाहर्ट्झच्या आसपास तिच्यात दर १०० मीटरला सुमारे १५ डेसिबल हानी होते, म्हणजे २० मीटरला ३ डेसिबल. जुन्या अँटेनाला बहुधा दोन तारांची चपटी पट्टी वायर असते. ती ३०० ओहमची आहे आणि टीव्हीचे तोंड ७५ ओहमचे. दोन्ही सरळ पिळून जोडले तर सिग्नलचा मोठा भाग सांध्यावरूनच परत फिरतो. पट्टी वायर टाकून द्यावी आणि अँटेनाच्या डबीतच ३००-७५ चा बालून (दोन्हींचा मेळ घालणारा छोटा जोड) बसवावा.

सांधा बाहेरून ठीक दिसतो म्हणून तो आतून ठीक असतोच असे नाही. पाऊस सोसलेला एफ-कनेक्टर (केबलच्या टोकाचा जोड) उघडला तर मधली तांब्याची तार हिरवट-काळी पडलेली, भोवतीची जाळी भुरकट झालेली आणि पांढऱ्या फोमला ओल लागलेली दिसते. तिथून पाणी जाळीच्या वाटेने केबलमध्ये मीटर-दोन मीटर आत उतरलेले असते. अशी केबल वाळवून उपयोग होत नाही, ओला भाग कापूनच टाकावा लागतो. नवा सांधा करताना मधल्या तारेला जाळीचा एकही केस टेकता कामा नये. सांध्यावर ताणून गुंडाळल्यावर एकजीव होणारी रबरी टेप लावावी. विजेच्या कामाची साधी काळी टेप उन्हात एका मोसमात सुटते. केबल घरात घेण्यापूर्वी तिला खाली झोळ द्यावा, म्हणजे पाणी झोळाच्या तळाशी ठिबकते आणि भिंतीच्या भोकातून आत येत नाही.

गावाकडे आणखी एक शत्रू असतो, आणि त्याच्याकडे शहरातल्या कारागिराचे लक्ष जात नाही. रानडुकरे आणि रोही यांच्यापासून पीक राखण्यासाठी शेतकुंपणाला झटका मशीन लावलेले असते. त्याची तार वाढलेल्या गवताला किंवा ओल्या खुंटाला टेकली की तिथे दर स्पंदनाला, म्हणजे साधारण सेकंदाला एक, अशी ठिणगी पडते आणि तिचा गोंगाट यूएचएफपर्यंत पसरतो. चित्र ठरावीक तालात तुटत असेल, विशेषतः अंधार पडल्यावर मशीन सुरू झाले की, तर आधी कुंपण चालत जाऊन पाहावे. तार मोकळी केली, फुटके इन्सुलेटर बदलले की चित्रही सुधारते आणि कुंपणाचा झटकाही पूर्ण ताकदीने मिळू लागतो, त्यामुळे शेजाऱ्याला सांगायलाही संकोच वाटायचे कारण नाही. स्वस्त एलईडी दिवे, मोटारीचे सैल स्टार्टर आणि खांबावरचे चरचरणारे इन्सुलेटर यांचाही असाच उपद्रव होतो. एकेक बंद करून क्वालिटीचा आकडा पाहिला की उलगडा होतो.

झाडांचा विचार ऋतूसह करावा. अँटेनाच्या समोर पश्चिमेला साग असेल तर एप्रिलमध्ये तो निष्पर्ण असतो आणि अँटेनाला वाट मोकळी मिळते. जुलैमध्ये त्याच सागाला सुपाएवढी पाने येतात, ती पावसाने निथळत असतात आणि यूएचएफ लहरी ओल्या पानांत मोठ्या प्रमाणात शोषल्या जातात. उन्हाळ्यात दुपारी जमवलेली शिल्लक पावसाळ्यात अशी खर्च होते. लिंब आणि आंबा बारमाही आडवे येतात. अँटेना झाडाच्या शेंड्याच्या वर नेता येत नसेल तर बाजूला सरकवावा. झाड तोडण्याचा विचार टीव्हीसाठी कोणी करू नये.

टीव्हीतली जुळणी सोपी आहे, पण एका गोष्टीने घात होतो. दुपारी चित्र गेले की लोक पुन्हा ‘ऑटो ट्यून’ करतात. त्या वेळी सिग्नल नसल्याने टीव्हीला काही सापडत नाही आणि तो आधीची साठवलेली यादी पुसून टाकतो. मग संध्याकाळी सिग्नल परत आला तरी वाहिन्या दिसत नाहीत. पहाटे एकदा सापडलेल्या चॅनलचा क्रमांक किंवा कंपनसंख्या कागदावर लिहून ठेवावी आणि पुढे नेहमी ‘मॅन्युअल’ शोध घ्यावा. क्रमांकावरून मध्य कंपनसंख्या काढण्यासाठी त्याला ८ ने गुणून ३०६ मिळवावेत : चॅनल २१ म्हणजे ४७४ मेगाहर्ट्झ, चॅनल ३४ म्हणजे ५७८. हा आकडा अँटेना घेतानाही कामी येतो, कारण दुकानात तो कोणत्या पट्ट्याचा आहे हे विचारून घेता येते.

खांबाविषयी दोन गोष्टी सक्तीच्या आहेत. पाइप पडला तरी कोणत्याही विजेच्या तारेला शिवणार नाही एवढ्या अंतरावर तो उभारावा, आणि उभारताना किमान तीन माणसे असावीत. दीड इंची जीआय पाइपला तीन दिशांना समान कोनात तणावे द्यावेत, कारण वैशाखातले वादळ आडवे येते तेव्हा नुसत्या कड्यांनी अडकवलेला पाइप पिळवटतो. खांबाला जाड तांब्याच्या तारेने स्वतंत्र अर्थिंग द्यावे. जून आणि परतीच्या पावसात आपल्याकडे विजा फार पडतात. आभाळ भरून आले की केबल टीव्हीतून काढून खिडकीबाहेर टाकावी, आणि मेघगर्जना ऐकू येत असताना तिला हातही लावू नये.

क्रम असा ठेवावा : आधी सध्याचा बूस्टर काढून चाचणी, मग दांडीची मोजणी, मग यूएचएफ अँटेना आणि नवी केबल, मग उंची, आणि हे सर्व झाल्यावरही दुपारी क्वालिटी काठावरच राहिली तर खांबावरचा कमी गोंगाटाचा बूस्टर. प्रत्येक पायरीनंतर दुपारचा आकडा तारखेसह लिहून ठेवावा. शेवटच्या पायरीनंतरही भर दुपारी चित्र टिकत नसेल तर आपले घर खोलगटात आहे असे समजून पुढचा खर्च थांबवावा.

नांदुऱ्याच्या मेहुण्यांनी अँटेनावर आता एक रुपयाही घालू नये. त्यांच्यासाठी दूरदर्शनची फ्री डिश ही उपग्रहावरून येणारी, छत्रीने घ्यायची सेवा आहे. डिसेंबर २००४ मध्ये डीडी डायरेक्ट प्लस या नावाने सुरू झालेल्या या सेवेला मासिक शुल्क नाही. तिचा उपग्रह जीसॅट-१५ हा ९३.५ अंश पूर्व रेखांशावर आहे. नांदुऱ्याहून तो आग्नेयेला, खऱ्या उत्तरेपासून सुमारे १३९ अंशांवर आणि क्षितिजापासून सुमारे ५९ अंश वर दिसतो, म्हणजे अजिंठ्याच्या रांगेचा अडथळा येण्याचा प्रश्नच नाही. अंगणातला लिंब तेवढा त्या दिशेला नसावा. नेहमीच्या घरगुती छत्रीचा एलएनबी (थाळीपुढे बसवलेला, सिग्नल घेणारा भाग) मध्यापासून खाली असल्याने तिची थाळी प्रत्यक्षात ५९ अंश वर पाहताना दिसत नाही, बरीच खाली झुकलेली वाटते. ती आभाळाकडे उताणी करण्याच्या मोहात पडू नये, मागच्या पट्टीवर कोरलेले अंश पाहावेत. मुसळधार पावसात काही मिनिटे चित्र जाईल आणि पाऊस ओसरला की आपोआप येईल; तेवढ्यासाठी छत्री हलवू नये.